खाऱ्या रणातले गोड पाणी

वाळवंट म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर उभे राहते ते चंद्रभागेचे. तेथे टाळमृदंग वाजतात, दिंड्या उतरतात, आणि पायांखाली वाळू असली तरी हाकेच्या अंतरावर नदी असते. पाण्यावाचूनचे वाळवंट आपल्या भाषेला फारसे ठाऊकच नाही. ‘रण’ हा शब्द आपल्याकडे आहे खरा. पण तो आपण मर्दुमकीच्या कामी लावला. आपले रण म्हणजे रणांगण, रणशिंग आणि निवडणुकीच्या दिवसांतली रणधुमाळी. गुजरातेत मात्र रण म्हणजे उजाड, निर्जल मुलूख. संस्कृतातल्या ‘इरिण’ या शब्दाशी, म्हणजे खारट आणि नापीक जमिनीशी, त्याचे नाते जोडतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरप्रवासाच्या टिपणात कच्छच्या या भागाचा उल्लेख ‘एइरिनॉन’ असा आला आहे. शब्द माणसापेक्षा चिवट असतात, ते असे.

शब्दांचा माग काढणे हा माझा पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे हे सारे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण पुस्तकातले रण आणि पायांखालचे रण यांत अंतर असते. ते अंतर तोडायचा योग गेल्या मार्गशीर्षात आला. दिवाळीच्या फराळात गोडधोड पुष्कळ असते. त्यात हे चिमूटभर मीठ वाचकांनी गोड मानून घ्यावे.

आम्ही चौघे पुण्याच्या वसतिगृहातले जुने सोबती. एक वकील, एक बँकेत, एक लातूरला शेतीच्या औषधांचे आणि बियाण्यांचे दुकान चालवणारा, आणि चौथा मी, मराठीचा मास्तर. दर हिवाळ्यात तंबू पाठीला बांधून कुठल्यातरी गडावर दोनतीन रात्री काढायच्या, असा आमचा वीसएक वर्षांचा परिपाठ आहे. या खेपेला वकिलांनी टूम काढली की सह्याद्री पुष्कळ झाला, आता कच्छच्या रणात जाऊन चार-पाच हजार वर्षांपूर्वीचे धोळावीरा पाहायचे. मी लगेच मान डोलावली. बँकवाल्याने खर्चाचा अंदाजपत्रक मागितला. लातूरकर मात्र कुरकुरत होता. त्याचे वडील आदल्या वर्षी गेले होते. मागे आठ एकर कोरडवाहू जमीन, चार बोअर, त्यांतले तीन कोरडे, आणि सोसायटीचे कर्ज. गिऱ्हाईक दारात उभे होते आणि त्याने संक्रांतीपर्यंतची मुदत दिली होती. “असल्या वेळी दगडधोंडे बघायला कुठे येऊ?” तो म्हणाला. “घरी बसून तरी कुठले सोने बघणार आहेस?” वकील म्हणाले. तो आला.

मुंबईहून भूजकडे जाणारी गाडी आम्ही भचाऊला सोडली. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात हे गाव जवळजवळ संपूर्ण कोसळले होते. आज तेथे नव्या घरांच्या ओळी उभ्या आहेत आणि स्टेशनबाहेरच्या चहावाल्याला त्या दिवसाबद्दल विचारले तर तो बोलतो थोडे आणि चहा जास्त देतो. मुंबईत आपल्या घराखालच्या कच्छी वाण्याच्या दुकानातून आपण पिढ्यान् पिढ्या गूळ-शेंगदाणे आणीत आलो. पण हा माणूस ज्या मातीतून निघून आला ती माती कशी आहे, याची चौकशी कधी केली नाही. भचाऊहून रापरकडे निघाले की तासाभरात उमगते. दोन्ही बाजूंना गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, मधूनच एरंड, एखादे जिऱ्याचे शेत, आणि दूरवर कोणाचेही नसलेले आकाश.

बाळासर मागे पडले आणि रस्ता रणात उतरला. डावीउजवीकडे जमीन आधी करडी, मग भुरी आणि शेवटी पांढरी झाली. पावसाळ्यात येथे पाणी भरते. ते वाळले की मीठ उरते. समोर खडीर दिसू लागले. त्याला तिकडे ‘खडीर बेट’ म्हणतात, आणि हा ‘बेट’ शब्द आपलाच. भोवती थेंबभर पाणी नसताना एखाद्या टापूला बेट म्हणायचे हे ऐकून हसू येते. पण पाऊसकाळात ते खरोखरच बेट होते. सिंधू संस्कृतीच्या दिवसांत रणात पाणी अधिक होते आणि होड्या खडीरच्या काठाला लागत, असे अनेक संशोधकांचे मत आहे.

अवशेषांच्या कुंपणात तंबू ठोकायला अर्थातच मनाई आहे, आणि ते योग्यही आहे. गावाच्या कडेला एका वृद्ध गृहस्थांच्या पडीक शेतात आम्हांला जागा मिळाली. काकांनी तरुणपणी उत्खननावर मजुरी केली होती. सह्याद्रीच्या मातीत सुखाने शिरणाऱ्या आमच्या तंबूच्या खुंट्या खडीरच्या खडकाळ जमिनीत बोटभरही जाईनात. शेवटी काकांच्या सल्ल्याने दोऱ्या दगडांना बांधल्या. “इथे सगळे दगडावरच उभे आहे,” ते म्हणाले. संध्याकाळी त्यांच्या घरून बाजरीचे रोटले, लसणाची चटणी आणि ताक आले. सूर्य बुडताच थंडी अशी काही उतरली की बँकवाल्याने अंथरुणात शिरताना पायमोज्यांचे तीन जोड चढवले. त्या रात्री चांदणे होते. चांदण्यात रण बर्फासारखे दिसते असे लिहिण्याचा मोह होतो, पण आम्हां चौघांना त्यावेळी आठवले ते कोजागिरीचे आटीव दूध. माणूस कितीही दूर गेला तरी उपमा घरच्याच घेऊन जातो.

सकाळी टेकडीवर गेलो. गावकरी तिला पूर्वीपासून ‘कोटडा’ म्हणत. म्हणजे येथे काहीतरी तटबंदीचे होते याची आठवण जिभेवर होती. १९६७-६८ साली पुरातत्त्व खात्याच्या जगतपती जोशी यांनी या स्थळाची नोंद केली, आणि १९९० पासून रवींद्रसिंह बिष्ट यांच्या नेतृत्वाखाली दीर्घकाळ उत्खनन झाले. जुलै २०२१ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तटाच्या आतले नगर पूर्वपश्चिम सुमारे ७७१ मीटर आणि दक्षिणोत्तर सुमारे ६१७ मीटर आहे. सर्वांत उंचावर बालेकिल्ला, त्याच्या उत्तरेला मोठे मोकळे मैदान, पलीकडे मधले नगर, आणि पूर्वेला खालचे नगर. मोहेंजोदडो आणि हडप्पा भाजक्या विटांची. हे नगर मुख्यतः दगडाचे आणि कच्च्या विटांचे. बालेकिल्ल्याच्या दरवाजाशी चुनखडकाचे घोटून गुळगुळीत केलेले स्तंभखंड आहेत. त्यांवर हात ठेवला तेव्हा सकाळच्या थंडीतही ते मऊ लागले.

पण धोळावीऱ्याचे खरे वैभव इमारतींत नाही. ते पाण्यात आहे, किंवा पाण्यासाठी केलेल्या खड्ड्यांत आहे म्हणा. उत्तरेला मानसर आणि दक्षिणेला मनहर असे दोन ओढे आहेत. दोन्ही पावसाळी, एरवी कोरडे. या दोहोंच्या मधे, उतारावर, त्या लोकांनी नगर वसवले. ओढ्यांना बांध घालून पुराचे पाणी वळवले आणि तटाच्या आतबाहेर, उताराच्या क्रमाने, जलाशय खोदले. उत्खननकर्त्यांनी असे सोळा जलाशय मोजले आहेत. बालेकिल्ल्याच्या पूर्वेचा जलाशय सुमारे ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद आणि साडेदहा मीटर खोल आहे; त्यात उतरायला पायऱ्या आहेत. दक्षिणेकडचे काही तर अखंड खडकात कोरलेले. बालेकिल्ल्यावर पडणारे पावसाचे पाणीसुद्धा वाया जाऊ दिले नाही; ते दगडी गटारांतून जलाशयांकडे नेले. ही गटारे सांडपाण्याची नव्हेत, निव्वळ पावसाच्या पाण्याची. आणि काही जागी इतकी उंच की माणूस आत शिरू शकेल.

लातूरकर आतापर्यंत मुकाट्याने मागून चालत होता. पूर्वेच्या जलाशयाच्या काठावर तो बसला आणि बराच वेळ उठेना. मग त्याने काकांना विचारले, “इथे वर्षाला पाऊस किती?”

काकांनी बोटांवर सांगितले. आकडा सेंटिमीटरांत मांडला तर तीस-चाळीसच्या घरातला, आणि तोही भरवशाचा नाही.

“आमच्याकडे याच्या दुप्पट तरी पडतो,” लातूरकर म्हणाला, “आणि पाणी आम्ही रेल्वेने आणले.”

यावर कोणी काही बोलले नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली, हे वाचकांच्या स्मरणात असेल. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी जाऊ लागली. आम्ही तिघांनी ती बातमी वर्तमानपत्रात वाचली होती. लातूरकर तेव्हा टँकरच्या रांगेत पहाटे तीनला घागर लावीत होता. जमावबंदीचा हुकूम पाण्याच्या टाक्यांभोवती लागलेला त्याने पाहिला होता. दुष्काळ हा आमच्या संभाषणाचा विषय होता. त्याच्या तो घरातला माणूस होता.

बालेकिल्ल्यावर एक दगडी विहीर आहे. तिच्या काठच्या शिळेवर दोरीने पडलेल्या खाचा आहेत. पाणी ओढता ओढता दोरी दगडात उतरली, ती किती पिढ्यांत उतरली असेल कोण जाणे. लातूरकराने त्या खाचेकडे पाहिले आणि म्हणाला, “आमच्या शेताच्या कोपऱ्यात बारव आहे. तिच्या काठाला अशाच खाचा आहेत. मी लहानपणी त्यांत गोट्या सोडायचो.”

“मग तिचे पाणी?”

“बोअर आल्यावर कोण बघतो बारवेकडे? निम्मी बुजली. उरलेल्या निम्मीत गाव कचरा टाकतो.”

दुपारी संग्रहालयात आणि संध्याकाळी काकांच्या ओट्यावर आमची चर्चा रंगली ती मात्र माझ्या विषयावर. धोळावीऱ्याच्या उत्तर दरवाजाजवळच्या एका दालनात उत्खननकर्त्यांना दहा अक्षरे सापडली. पांढऱ्या जिप्समचे तुकडे लाकडी फळीत जडवून केलेली, प्रत्येक सुमारे ३७ सेंटिमीटर उंचीची. फळी कुजून गेली. अक्षरे होती तशी राहिली. दहांपैकी चार वेळा एकच चिन्ह आले आहे: आऱ्यांच्या चाकासारखे. सिंधू लिपीतले बहुतेक लेख मुद्रांवरचे, बोटाच्या पेरात मावतील असे. दुरून वाचता यावी अशी एवढी मोठी पाटी विरळाच. पर्यटकाला छायाचित्रावर समाधान मानावे लागते, कारण मूळ अक्षरे जपणुकीसाठी झाकलेली आहेत.

पाटीवर काय लिहिले आहे? ते कोणालाच सांगता येत नाही. इरावतम महादेवन यांनी १९७७ साली सिंधू लिपीची जी सूची सिद्ध केली तीत ४१७ चिन्हे आहेत. लेख तोकडे, सरासरीने पाचएक चिन्हांचे. शेजारी दुसऱ्या, वाचता येणाऱ्या लिपीतला अनुवाद नाही. आणि मागची भाषा कोणती याविषयी एकमत नाही. ब्राह्मी लिपीचेही एकेकाळी असेच झाले होते. नाणेघाटातले सातवाहनांचे लेख शेकडो वर्षे वाटसरूंच्या डोळ्यांसमोर होते आणि ते वाचणारा कोणी नव्हता. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीची किल्ली शोधली आणि दगड बोलू लागले. सिंधू लिपीला अजून तिचा प्रिन्सेप भेटायचा आहे.

“म्हणजे अख्खे गाव शिकलेले, आणि आज वाचणारा एकही नाही,” बँकवाला म्हणाला.

“अख्खे गाव कशाला,” लातूरकर म्हणाला, “आमच्या घरी आजोबांची ट्रंक आहे. मोडीतले कागद भरलेत. वडिलांना येत नव्हते वाचता, मला येत नाही. पेंढाच तो.”

मोडी मला येते. “ते कागद मला पाठव,” मी म्हटले. “विकायची असली तरी काय विकतोस ते कळू दे.”

रात्री शेकोटीभोवती वकिलांनी आपली बाजू मांडली. “शेती म्हणजे दिवाणी दावा झाला आहे,” ते म्हणाले. “नुसती पुढची तारीख. तू जमीन विक, कर्ज फेड, दुकान वाढव. आणि या धोळावीऱ्याचे एवढे कौतुक करता, पण तीही माणसे शेवटी गाव सोडून गेलीच ना?”

मुद्दा बिनतोड होता. गेली खरी. सुमारे इसवी सनापूर्वी ३००० पासून इसवी सनापूर्वी १५०० पर्यंत येथे वस्ती होती असे मानतात. मधल्या काळात हवामान रुक्ष होत गेले, मेसोपोटेमियाशी आणि ओमानच्या किनाऱ्याशी चाललेला व्यापार आटला, नगराची देखभाल ढिलावली आणि ते ओस पडले. पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. काही काळाने माणसे परतली आणि लहानशी वस्ती करून राहिली. पुन्हा ओस. मग शेवटी पुन्हा काही जण आले. त्यांनी तट बांधले नाहीत, महाल बांधले नाहीत, जुन्याच दगडांवर गोल घरे उभारली. कच्छमध्ये आजही गोल घरे आहेत. त्यांना भुंगा म्हणतात, आणि भूकंपाच्या धक्क्यात ती चौकोनी घरांहून बरी तगतात.

हे मी सांगितले तेव्हा लातूरकर म्हणाला, “म्हणजे जाणे आणि राहणे यांच्या मधेही काहीतरी असते.”

वकील म्हणाले, “ते काय, ते कागदावर लिहून दे.” आणि शेकोटीत आणखी एक वेड्या बाभळीचे लाकूड सरकवले.

दुसऱ्या दिवशी जवळच्या जीवाश्म उद्यानात जुरासिक काळातली दगड झालेली झाडे पाहिली. त्यांच्यापुढे आमचे पाच हजार वर्षांचे नगर कालचे पोर ठरले. तिसऱ्या दिवशी काकांचा निरोप घेऊन नव्या रस्त्याने खावड्याकडे निघालो. हा रस्ता रणाला मधोमध चिरून जातो; दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत मीठ. मोटारीतही कोणाचा आवाज निघत नव्हता. पुढे बन्नीचे गवताळ रान लागले. तेथल्या मालधारी लोकांची पाण्याची रीत मला धोळावीऱ्याइतकीच मोलाची वाटली. तळ्याच्या किंवा सखल जागेच्या पोटात ते ‘विरडा’ नावाची उथळ विहीर हाताने खोदतात. तेथील भूजल खारे. पण जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर सायीसारखे तरंगते. विरडा त्या सायीपुरताच खोल घ्यायचा. हावरेपणाने आणखी खाली गेले की खारे वर येते. लातूरकराने हे दोनदा समजावून घेतले. त्याच्या चौथ्या बोअरची खोली सहाशे फूट होती.

पोथीतला नवस फळावा तशी येथे गोष्ट संपली असती तर लिहायला बरे वाटले असते. पण घरी गेल्यावर लातूरकराने गिऱ्हाइकाला नकार दिला नाही. सोसायटीचे कर्ज खरे होते आणि धाकट्या भावाचा वाटाही खरा होता. मधल्या काळात त्याने ट्रंकेतले कागद मात्र मला पाठवले. बहुतेक उसनवारीच्या चिठ्ठ्या आणि लग्नखर्चाच्या याद्या होत्या. एक कागद निराळा निघाला. त्यात बारवेच्या पाण्याच्या पाळ्या लिहिल्या होत्या: चार घरे, कोणी कोणत्या वारी किती प्रहर मोट धरायची, आणि वैशाखात गाळ काढायला घरटी किती माणसे द्यायची. वकिलांनी तो वाचून सांगितले की कोर्टात याची किंमत शून्य. ते खरेच असणार. पण त्या कागदावरून एवढे उघड होते की चार घरांना पुरेल इतके पाणी त्या बारवेत होते, आणि ते टिकवायची अट पाणी काढण्याच्या हक्काइतकीच ठळक लिहिलेली होती.

संक्रांतीला लातूरकराने पाच एकर विकले. तीन ठेवले, बारव त्या तिनांत आहे. वैशाखात गावातल्या पोरांना हाताशी धरून त्याने कचरा उपसला. तळाला पायऱ्या लागल्या, त्या किती आहेत हे त्यालाही ठाऊक नव्हते. या पावसाळ्यात तीत पाणी आले आहे. ते किती टिकते हे चैत्र-वैशाखातच कळेल, आणि पुन्हा दोन वर्षे पाऊस हुलकावणी देऊन गेला तर तीन एकरांचेही काय होईल हे आज कोणी सांगू नये.

दायमाबादला प्रवरेच्या काठी सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळातली वस्ती होती, तिचे ब्राँझचे बैल आणि रथ १९७४ साली सापडले. ते पाहायचे आमच्या मनात बरेच दिवस आहे. पण या हिवाळ्यात ते राहणार असे दिसते. लातूरकराचे पत्र आले आहे. तंबू घेऊन शेतावर या, असे लिहितो. आणि येताना मास्तरांनी आणखी दोन मोडी कागद वाचायची तयारी ठेवावी, वकिलांनी फावडे धरायची. जमीन काळी आहे, खुंट्या नीट बसतील.